दाता हा कर्ता असतो का?

आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक 13 ते 16. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं भगवंत सांगतात: देह, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही.

वाचताना मला सारखं खारघर आठवत होतं. (हो, ते रायगड जिल्ह्यातच येतं, आपण उगाच मुंबईत धरतो.) टाटा मेमोरियलचं बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं काम तिथल्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. टाटामध्ये 1983 साली भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा पेशंट नऊ वर्षांची मुलगी होती, पेशी तिच्या भावाच्या.

ट्रान्सप्लांटनंतर पेशंटची प्रतिकारशक्ती दात्याच्या पेशींतून नव्याने घडते. हळूहळू रक्तगटसुद्धा दात्याचा होतो. क्वचित ही नवी फौज आपलं-परकं ओळखायला चुकते आणि नसांवर, मेंदूवरच हल्ला करते. गुलियन बारेसारखी पायांतली ताकद जाते. स्टिरॉइड, इम्युनोग्लोबुलिन असे उपाय आहेत, पण सावरायला महिने लागू शकतात.

आता समजा, दाता आठ वर्षांचा धाकटा भाऊ आहे. ताईला चालता येत नाही, आणि कुणीतरी त्याच्यासमोर बोलून जातं की त्याच्याच पेशी तिला त्रास देतायत. ‘अरे, तुझा काय दोष?’ एवढ्याने त्याचं समाधान होत नाही. कारण आधी आपणच त्याला ‘तू ताईचा जीव वाचवलास’ म्हणून डोक्यावर घेतलेलं असतं. श्रेय पूर्ण त्याचं, तर दोष कसा नाही? पोराचं लॉजिक चोख आहे.

हे श्लोक मला इथे फार प्रामाणिक वाटतात. श्रेय आणि दोष, दोन्ही ते एकदमच वाटून टाकतात. आजारातही एकच कारण क्वचित सापडतं. आधीची केमो असते, मधेच उठलेला एखादा व्हायरस असतो, पेशींना आवरायला दिलेली औषधंही कधी मेंदूला त्रास देतात.

आणि दैव? ते यादीत शेवटी आहे. आपण मात्र ‘मागच्या जन्माचं’ म्हणत तिथूनच सुरुवात करतो, तेही आजारी लेकराच्या आईसमोर. मला ते अजिबात पटत नाही.

भावाला ट्रान्सप्लांटच्या आधीच सांगावं: तू पेशी देणार, तुझा मगज काही आठवड्यांत भरून येईल, पुढे त्या पेशी काय करतील ते तुझ्या हातात नाही. ताई बरी झाली की सगळे मिळून पेढे खाऊ, पण तुला हिरो म्हणणार नाही. हे शेवटचं घरातल्या आज्यांना पटवणंच जास्त अवघड जाईल.