कुणाचं काही घेतलं नाही



"आयुष्यात कुणाचं काही घेतलं नाही, नेहमी दिलंच." हे वाक्य आपण किती कौतुकानं बोलतो! शोकसभेत तर हमखास ऐकू येतं. पण कधीच काही न घेणं हा खरोखर सद्गुण आहे का? की त्यातही एक बारीकसा अहंकार दडलेला असतो? सेवेत असणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा, कारण द्यायची सवय आपल्याला पटकन लागते आणि घ्यायची वेळ आली की अवघडायला होतं. मी कॉलेजात भूगोल शिकले, म्हणून असा काही प्रश्न पडला की माझं डोकं दगड-मातीकडेच वळतं. तर आज थोडं हवाई बेटांवर जाऊन येऊ या.

प्रशांत महासागरातली ही बेटं समुद्राच्या तळातून वर आलेल्या लाव्हाची आहेत. लाव्हा वर येतो ती जागा साधारण तीच राहते आणि वरचा भूपट्ट वायव्येकडे हळूहळू सरकत जातो. त्यामुळे आग्नेयेचं मोठं बेट सगळ्यात तरुण, तिथला किलाउएआ ज्वालामुखी अजून धगधगतोय, आणि वायव्येकडचं काउआई बेट म्हातारं. पीटर विटूसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटांवरच्या ३०० वर्षांपासून ४१ लाख वर्षांपर्यंतच्या जमिनी निवडून अभ्यासल्या. खडक एकाच जातीचा, पाऊस जवळजवळ सारखा, झाडही तेच, लाल तुऱ्यांची फुलं येणारं ओहिआ. फरक फक्त वयाचा. एकाच माणसाचे बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो ओळीनं मांडावेत ना, तसं.

नवा लाव्हा म्हणजे काळा, कोरडा दगड. त्याच्या पोटात स्फुरद आहे, कॅल्शियम आहे, पण नत्र जवळपास नाहीच. ते हवेतून यावं लागतं. दगडफूल असतं ना, गोड्या मसाल्यातलं, त्याच्याच गोतातली एक राखाडी जात त्या दगडावर धरते. तिच्यात राहणारे सूक्ष्मजीव हवेतलं नत्र पकडतात. मग फटींत नेचे येतात, ओहिआचं बी रुजतं, पानं कुजतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा दगड घेतोच आहे.

हजारो वर्षांनी माती भरात येते. खडक झिजून सगळं देत असतो, नत्रही साठलेलं असतं. साधारण २०,००० वर्षांच्या जमिनीवरचं जंगल चांगलं पोसलेलं असतं. बायकांच्या भाषेत सांगायचं तर भरल्या घराचे दिवस! पण पाऊस थांबत नाही. कॅल्शियम, पोटॅश धुऊन समुद्राला जातं. उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम, आणि माती लाल होते. (बेळगावकडच्या मंडळींनी आपला जांभा आठवावा, तोही असाच धुपून उरलेला. आणि आम्ही इंदूरकर ज्या काळ्या मातीवर राहतो, तीही लाव्हाच्या खडकाचीच बरं का.) जे थोडं स्फुरद उरतं, तेही हे लोखंड घट्ट धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही.

मग काउआईवरचं ४१ लाख वर्षांचं जंगल जगतं कशावर? कॅल्शियमसारखी द्रव्यं येतात समुद्राच्या तुषारांतून. आणि स्फुरद येतं आशियातल्या वाळवंटांच्या धुळीतून, हजारो किलोमीटर वाऱ्यावर उडत. हे कळलं कसं, तर तिथल्या लाव्हाच्या खडकात गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, अंश नसतो, पण मातीत तो सापडला. बेटावरचा नाही, म्हणजे बाहेरून आलेला. १९९९ साली हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आलं.

ज्यानं लाखो वर्षं जंगल पोसलं, तो खडक शेवटी परक्या धुळीवर जंगल तगवून आहे. यात त्याची काही मानहानी झाली असं मला तरी वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, ताई, दगडाला कुठे अभिमान असतो? आणि धूळ काय दानधर्म म्हणून उडते? अगदी बरोबर. निसर्ग असा वागतो म्हणून माणसानं तसंच वागावं, असं काही सिद्ध होत नाही. पण "मी फक्त दिलं" हा हिशेबच खोटा आहे, एवढं मात्र नक्की दिसतं. घेतलेलं आपण वहीत लिहिलेलं नसतं, इतकंच.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज लोकांनी आपल्या बेटांवरून 'फाया' नावाचं झाड हवाईत आणलं. त्याच्या मुळांतले सूक्ष्मजीव भरपूर नत्र देतात. किलाउएआजवळच्या तरुण जमिनीत त्यामुळे येणारं नत्र सुमारे चौपट झालं. जमिनीला नत्राची चणचण होती, मग चांगलंच झालं म्हणायचं? तर नाही. मुळात ओहिआचं जंगल थोडक्यात भागवायला शिकलेलं. फायानं त्याच्यावर सावली धरली, आणि जास्त नत्रावर पोसणाऱ्या बाहेरच्या झाडांना रान मोकळं झालं. आता तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला फाया काढत बसावं लागतं. न विचारता, आपल्या हिशेबानं केलेलं देणं असंही होतं.

हे सगळं लिहायला कारण आहेत आमच्या वॉर्डातल्या एक आजी. एकट्या राहतात, एक वेळ जेवतात. आमचा डबा दोनदा परत पाठवला. "मी कुणाचं खात नाही गं," म्हणाल्या. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, दारात ठेवून यायचं, भूक लागली की खातील. मला ते पटत नाही, त्यात फाया दिसतो. पण त्यांना तसंच सोडून देणंही जमत नाही. त्यांच्या हातचं लिंबाचं लोणचं नावाजलेलं आहे. तेव्हा या गुरुवारी रिकाम्या हातानं जायचं आणि वाटपाच्या डब्यांसाठी लोणचं मागायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. देतील की नाही, कोण जाणे. डब्याचा विषय त्या दिवशी काढणार नाही.