जमिनीबरोबर माणसेही दिली

वॉशिंग्टनच्या हद्दीवर १७९१-९२ साली रोवलेले दगड आजही बऱ्याच ठिकाणी उभे आहेत. वालुकाश्माचे, बुटके, दोनशे वर्षांच्या पावसाने कडा झिजलेले. आतल्या अंगाला कोरले आहे ‘युनायटेड स्टेट्सचे अधिकारक्षेत्र’ आणि बाहेरच्या अंगाला, जागेप्रमाणे, मेरीलँड किंवा व्हर्जिनिया. साधारण मैलामैलावर एक, असे चाळीस दगड. तलाठ्याने वहीत फेरफार नोंदवावा, तशी दोन राज्यांनी राष्ट्राला तोडून दिलेल्या जमिनीची ही नोंद. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हे मात्र दगडावर नाही.

जमीन घेण्यामागचे कारण खरे होते. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, इमारतीला वेढा घातला. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे त्याचे नागरी सैन्य मागितले. राज्याने ते बाहेर काढले नाही आणि प्रतिनिधींना प्रिन्स्टनला निघून जावे लागले. ही नामुष्की ते विसरले नाहीत. म्हणून घटनेत तरतूद आली की राजधानीसाठी राज्यांनी दिलेल्या, जास्तीत जास्त दहा मैल लांब-रुंद अशा प्रदेशावर फक्त काँग्रेसची हुकमत चालेल. मेरीलँड आणि व्हर्जिनियाने जमीन देऊ केली; १७९० च्या कायद्याने पोटोमॅकचा काठ ठरला.

जेम्स मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेच्या ४३ व्या लेखात या तरतुदीची बाजू मांडताना दोन गोष्टी गृहीत धरल्या. जमीन देणारे राज्य तिथल्या नागरिकांचे हक्क आणि संमती यांची तजवीज करीलच, आणि स्थानिक कारभारासाठी त्यांना स्वतः निवडलेले मंडळ मिळेलच. राज्यांच्या कायद्यांत तजवीज झालीही, पण ती जमीनमालकाची. हुकमत दिली म्हणून खासगी जमिनीची मालकी राष्ट्राकडे जात नाही, असे दोन्ही राज्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. मताचा हक्क असा जपावा, हे कुणी लिहिले नाही. फेब्रुवारी १८०१ मध्ये काँग्रेसने प्रदेशाचा ताबा कायद्याने घेतला आणि कालपर्यंत आपापल्या राज्यात मत देणारे लोक काँग्रेससाठी मतदार राहिले नाहीत. मला इथेच सगळी चूक दिसते. हद्द बदलली तरी शेत ज्याचे त्याचेच राहिले. मत तेवढे गेले.

हे दान परत घेता येत नाही, असेही नाही. व्हर्जिनियाच्या बाजूची जमीन, अलेक्झांड्रिया शहरासह, १८४६-४७ मध्ये परत गेली. तेव्हा लोकांना विचारले गेले, पण फक्त गोऱ्या पुरुषांना. गुलामांचा व्यापार राजधानीत बंद होईल ही धास्ती अलेक्झांड्रियातल्या व्यापाऱ्यांना होती, आणि तो १८५० मध्ये बंद झालाही. परतीमुळे ज्यांच्यावर व्हर्जिनियाचे जाचक कायदे आले, त्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मत नव्हते. जमीन देताना आणि परत घेताना एकच अन्याय दोनदा झाला.

उरलेल्या शहराला राष्ट्राध्यक्षासाठी मत मिळायला १९६१ ची घटनादुरुस्ती लागली, महापौर निवडायला १९७३ चा कायदा. आज तिथे सुमारे सहा लाख नव्वद हजार लोक आहेत, वायोमिंग राज्याहून अधिक. ते संघराज्याचा आयकर भरतात. सिनेटमध्ये त्यांचे कुणी नाही. प्रतिनिधिगृहात एक सदस्या बसते, पण कायदा मताला टाकला की तिचे मत धरत नाहीत.

यावर म्हणतात की राजधानी कुणा एका राज्याच्या मुठीत नसावी. मला हे मान्य आहे. पण ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदभवनात घुसला, तेव्हा शहराच्या महापौरांना स्वतःच्या अधिकारात नॅशनल गार्ड बोलावता येत नव्हते. तिथल्या गार्डची कमान राष्ट्राध्यक्षाकडे असते. मदत पोचायला तास गेले. १७८३ मध्ये काँग्रेस राज्याच्या तोंडाकडे पाहत होती, २०२१ मध्ये शहर केंद्राच्या. सुरक्षिततेसाठी मत काढून घेणे गरजेचे होते, हा युक्तिवाद त्या दुपारनंतर मला पटवून घेता येत नाही.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि त्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईकरांचे लोकसभेचे मत तेव्हाही गेले नसते. वॉशिंग्टनकरांची स्थिती त्याहून वाईट आहे. पण आमच्यावर कोणाची हुकमत, हे आम्हाला न विचारता ठरवू नका, ही दोन्हीकडची मागणी एकच.

आर्लिंग्टन आणि अलेक्झांड्रियात, परत मिळालेल्या त्या जमिनीवर, जुने हद्दीचे दगड अजून आहेत. भोवती लोखंडी कुंपण, कुठे घराच्या अंगणाला लागून. त्यांच्या एका अंगाला अजूनही युनायटेड स्टेट्सचे अधिकारक्षेत्र लिहिलेले आहे. शेजारच्या घरातली माणसे दर निवडणुकीला व्हर्जिनियाचे सिनेटर निवडायला जातात. नदीपलीकडे, तशाच दगडांच्या आतल्या बाजूला, त्या मतपत्रिकाच छापल्या जात नाहीत.