कांचेचा पडदा

डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथांतून निघाली. त्याच दशकांत सोळा सिलिंडरांची कॅडिलॅक लिमोझीन अमेरिकन वैभवाचें प्रतीक होती. १९२९ मधील शेअरबाजाराच्या कोसळीनंतर थोड्याच महिन्यांत ही सोळा सिलिंडरांची मोटार अवतरली. १९४० पर्यंत अशा सुमारें ४,००० मोटारी बनल्या.

मग रथ तेवढा नीतिमान आणि मोटार अनीतिमान म्हणावी काय? इतका सोपा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. साधेपणाचेंहि प्रदर्शन होऊं शकतें. लिमोझीनचा खरा दोष तिच्या मखमलींत नसून, धनी व सारथी यांच्यामधील कांचेंत आहे. बैलगाडींत दोघे एकच धूळ खातात व एकमेकांचें बोलणें ऐकतात. येथें पुढच्याचा शब्द मागें पोंचावा कीं नाहीं, हें मागचा ठरवितो. म्हणजे अपराध यंत्राचा नव्हे, कांच चढविणाऱ्या हाताचा!

ही कांच मोटार नसलेल्या घरींहि असते. आपल्या मोलकरणीच्या मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय, हें प्रत्येकानें स्वतःशींच विचारून पाहावें.