घडवणारे आणि जगवणारे

एखादा विद्यार्थी नावारूपाला आला, की आम्ही शिक्षक मोठ्या समाधानाने म्हणतो, 'हा आमच्या हाताखाली घडला!' पण आपण त्याला खरेच घडवतो, की तो आपला आपण घडत असताना त्याला केवळ जगवतो? मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पण हाच वाद रक्ताच्या शास्त्रातही रंगला होता, हे वाचले आणि नवल वाटले.

हाडांच्या मज्जेतील मूळपेशींपासून तांबड्या आणि पांढऱ्या रक्तपेशी तयार होतात. १९६६ साली मेलबर्नच्या ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी उंदराच्या मज्जेतील पेशी आगराच्या थरात वाढवल्या. नुसत्या पेशी मूळ धरीनात. दुसऱ्या पेशींचा शेजार मिळाला, तेव्हा त्यांच्या वसाहती फुलल्या. शेजाऱ्यांकडून जे पाझरत होते, ते वाढीचे घटक.

हे घटक पेशीला वाट दाखवतात, की तिने धरलेल्या वाटेवर तिला तगवतात? तांबड्या पेशींना लागणाऱ्या एरिथ्रोपोएटिनविषयी १९९० साली दिसले, की ते नसेल तर वाढत्या पेशी आपणहून मरतात. ते त्यांचे मरण टाळते. म्हणजे हा जगवणारा. उलट, २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकातून सतत नजर ठेवली. दोन वाटा मोकळ्या असलेल्या पेशींना एक घटक दिला तर त्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी झाल्या, दुसरा दिला तर दुसऱ्या जातीच्या. म्हणजे हा घडवणारा. दोन्ही पक्ष खरे ठरले!

मात्र घडवणाऱ्याची सत्ता मर्यादित आहे. घटकाची खूण ओळखणारा ग्राहक पेशीच्या अंगी नसेल, तर तो घटक तिच्यापुरता असून नसल्यासारखाच. मुलांचेही असेच नाही का? शिवाय मूल नाही म्हणू शकते. पेशीला ती सोय नाही.

मला बोचते ते निराळेच. बशीत मोजल्या जातात त्या फुललेल्या वसाहती. मेलेली पेशी मागे काही ठेवीत नाही. आमच्या हजेरीपटावरूनही सातवी-आठवीत किती नावे गळतात! ती मुले काय झाली असती, हे कुणालाच कळणार नाही. घडवल्याचे श्रेय घ्यायचे, तर या गळलेल्या नावांचा जाबही द्यायला हवा. आणि नुसते जगवणे जमले, तरी ते काम घडवण्याहून हलके आहे असे मला वाटत नाही.