उपकार कसले?

चि. ऋतास,


तुमच्या फिल्म क्लबात ‘द वर्ल्ड बिफोर हर’ दाखवणार आहेत म्हणालीस. निशा पाहुजांचा हा २०१२चा माहितीपट. एकीकडे मुंबईत मिस इंडियाच्या स्पर्धेची तयारी, दुसरीकडे तेव्हाच्या औरंगाबादेत दुर्गा वाहिनी या हिंदुत्ववादी संघटनेचं शिबिर. नंतरच्या चर्चेत ‘आधुनिक की पारंपरिक’ हा वाद रंगेलच. त्यात फार अडकू नकोस. मुली दोन्हीकडे रांगेतच उभ्या आहेत. स्पर्धेत नुसते पाय पारखायचे म्हणून मुलींच्या डोक्यावरून पांढऱ्या खोळी घालून त्यांना चालायला लावतात. मध्ये चेहऱ्याची अडचण नको! तिकडे कोवळ्या पोरी लाठी-बंदूक चालवायला शिकतात. मला विचारशील तर खोळीची चीड आली, बंदुकीची भीती वाटली. कारण तिच्यासोबत शत्रू कोण, तेही पढवतात.

पण तू नीट बघ ती शिबिरात शिकवणारी तरुणी. दणदणीत आवाज, कुणाला भीक घालणार नाही अशी. लग्न करायचंच नाही म्हणते. वडील म्हणतात, करावंच लागेल. ते तिला मारतात, तेही ती सांगते. आणि वर म्हणते, मुलगी असून त्यांनी मला जगू दिलं, एवढं पुरे. इथे मी सिनेमा थांबवला. जन्माला येऊ दिलं हेच कर्ज, आणि ते ती आयुष्यभर फेडणार!

त्याच सिनेमात २००९ची मिस इंडिया पूजा चोप्रा आणि तिची आईही आहे. पूजाच्या रूपाने दुसरीही मुलगीच झाली, ती वडिलांना नको होती. आई दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर पडली. माझ्या लेखी सिनेमातला खरा फरक स्पर्धा आणि शिबिर यांच्यातला नाही, या दोन घरांमधला आहे.

हे सगळं कुठल्यातरी लांबच्या गावचं समजू नकोस. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, १९८८ मध्ये. तरी २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘बाबांनी शिकू दिलं, आता नोकरीसाठी बंगळूरला जाते कसं म्हणू?’ शिकवलं ते त्याचं कामच होतं, उपकार कसले? हे पत्र त्याला खुशाल वाचून दाखव. चिडला तर म्हणावं, आत्याला फोन कर.

तुझी,
आत्या