विचारणारा गेला, प्रश्न उरला

आमच्या धर्मगुरुनिवासात एक जुना लॅपटॉप आहे. एका कार्यालयाने मोडीत काढताना तो धर्मग्रामाला दिला. त्यात विंडोज ९८ ही प्रणाली असून जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली आमची टिपणे त्यावरच नीट वाचता येतात. आज तो कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नाही. तरीही सुरू केला की तो त्या कार्यालयाच्या नेटवर्कसाठी पासवर्ड मागत असे. पासवर्ड दिला, तर तपासणारा सर्व्हर सापडत नाही, असे कळवी. आणि 'कॅन्सल' दाबले, तर निमूटपणे आत घेई!

हे गुपित मला ठाऊक होते, म्हणून माझे काही अडले नाही. पण एकदा टिपणे पाहावयास आलेला एक तरुण त्या चौकटीसमोर बराच वेळ बसून शेवटी उठून गेला. त्याला वाटले, दार बंद आहे. गेल्या उपवासकाळात एका जाणकाराकडून मी ती चौकट काढवून घेतली. नेटवर्कच्या मांडणीत 'विंडोज लॉगऑन' निवडायचे आणि पासवर्ड रिकामा ठेवायचा, एवढेच काम. मात्र त्याने आधी विचारले, "फादर, जुन्या पासवर्डच्या फाइलमध्ये इंटरनेट जोडणीचे वगैरे काही साठवलेले नाही ना? ते गेले तर परत मिळणार नाही." काढण्यापूर्वी विचारण्याचा हा विवेक मला मोलाचा वाटला.

त्या रात्री मला एक जुना प्रसंग आठवला. चर्चच्या छपराचे काम निघाले, तेव्हा स्नानसंस्काराची नोंद करताना वर्गणीची पावती पाहण्याची प्रथा आमच्या कचेरीत पडली. छप्पर पूर्ण झाले, कर्ज फिटले, प्रथा मात्र राहिली. ओळखीची माणसे आली की मीच म्हणत असे, "असू द्या, पावतीचे नंतर पाहू." एके दिवशी मजुरीसाठी आलेला एक बाप तान्हे मूल घेऊन आला. पावती नाही म्हणताच तो मान खाली घालून परत गेला. तो पुन्हा आला नाही. 'कॅन्सल'चे बटण त्याला कोणी दाखविले नव्हते, आणि ते माझ्या हाताशी होते.

गरजूंना गरिबीमुळे संस्कारांना मुकावे लागू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ८४८ वे कलम सांगते. मला ते पाठ होते. निरर्थक नियमाचा खरा अन्याय मला त्या दिवशी कळला. असा नियम जाणत्याला अडवीत नाही. अडवितो तो परक्याला, भिडस्ताला आणि आज्ञाधारकाला.

मग जुने ते सारे काढून टाकावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी कायदा सहजासहजी बदलू नये असे म्हटले आहे, कारण कायद्याचे बळ बरेचसे सवयीत असते. ख्रिस्तसभेने हा तोल सांभाळला आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एकेकाळी मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य होते. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली आणि १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला. सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तो एक तासाचा केला. ओझे हलके झाले, पण प्रभूसाठी अंतःकरण सिद्ध करण्याचा हेतू शाबूत राहिला.

स्नानसंस्काराच्या वेळीही एक प्रश्न राहिलाच पाहिजे: हे मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा आहे काय? तो विचारणारी ख्रिस्तसभा उत्तर ऐकण्यासाठी हजर आहे. पावतीच्या प्रश्नामागे मात्र कोणीच उरले नव्हते. कणसे मोडणाऱ्या शिष्यांची बाजू घेताना प्रभू येशूने शब्बाथ रद्द केला नाही. तो कोणासाठी आहे, याची आठवण दिली. तीच कसोटी आपल्या प्रत्येक नियमाला लावावी.

आमच्या कचेरीतून पावतीची अट आता गेली आहे. लॅपटॉप विनातक्रार उघडतो. पण तो उघडताना प्रत्येक वेळी मला ते तान्हे मूल आठवते. ते आज कोठे असेल, त्याच्या मस्तकावर पाणी कोणी घातले असेल, हा प्रश्न मला 'कॅन्सल' करता येत नाही, आणि करूही नये.