तट कोणाचा?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ बंदराच्या उत्तर काठाशी पोर्टचेस्टरचा किल्ला आहे. बाहेरचा चौकोनी तट रोमनांनी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारला. त्याच्या वायव्य कोपऱ्यातला बालेकिल्ला नॉर्मन काळातला, म्हणजे तटाहून सुमारे आठशे वर्षांनी धाकटा. अशा वास्तूची ओळख आपण बांधणाऱ्याच्या नावाने करून देतो. पोर्टचेस्टरचा इतिहास पाहिला की ही सवय किती अपुरी आहे ते कळते.

तट आजही सहा मीटरच्या आसपास उंच आहे. चुन्यात बसवलेला चकमकीचा दगड, मधूनमधून सपाट चिपांचे आणि विटांचे पट्टे, आणि बाहेर काढलेले अर्धगोल, आतून पोकळ बुरूज. हे काम कॅरोसियसच्या काळातले मानले जाते. सॅक्सन आणि फ्रँक चाच्यांना रोखण्यासाठी रोमने त्याच्या हाती आरमार दिले होते. चाच्यांकडून सोडवलेला माल तो स्वतःच दाबतो, असा आरोप झाला, तेव्हा २८६ च्या सुमारास त्याने स्वतःला सम्राट म्हणून जाहीर केले. २९३ मध्ये त्याच्याच सहकाऱ्याने त्याचा खून केला आणि २९६ मध्ये रोमने ब्रिटन परत घेतले. रोमच्या रक्षणासाठी नेमलेला माणूस अशा किल्ल्यांच्या बळावर रोमलाच आव्हान देऊन बसला होता. तट पहिल्या पिढीतच मालकाशी एकनिष्ठ राहिला नाही.

बॅरी कनलिफ यांनी १९६१ पासून इथे उत्खनन केले. त्यात रोमन काळातल्या अर्भकांची दफने सापडली. म्हणजे ही नुसती शिबंदीची छावणी नव्हती. इथे बायका बाळंत होत होत्या, संसार चालत होते. पुढे सॅक्सन लोक याच तटाच्या आत घरे बांधून राहिले. नॉर्मन आले, त्यांना बालेकिल्ल्याच्या दोन बाजूंचे काम आयतेच मिळाले. ११२८ मध्ये आतच मठ स्थापन झाला; काही वर्षांत साधू दुसरीकडे गेले, पण त्यांच्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. तिसऱ्या एडवर्डने १३४६ मध्ये फ्रान्सवरच्या क्रेसीच्या मोहिमेसाठी इथे सैन्य जमवले. दुसऱ्या रिचर्डने शतकाच्या शेवटी राजवाडा बांधला आणि त्याचा उपभोग घेण्याआधीच गादी गमावली.

राजांच्या या गोष्टी पुस्तकांत सहज सापडतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती १७९६ ची गोष्ट. फ्रान्सने १७९४ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. त्या स्वातंत्र्यासाठी कॅरिबियनमध्ये लढलेले कृष्णवर्णीय सैनिक ब्रिटिशांच्या हाती पडले. त्यांना गुलाम म्हणून विकायचे नाही, युद्धकैदी म्हणून वागवायचे, अशी शरणागतीची अट होती. सुमारे अडीच हजार माणसे, काही बायकामुलांसह, ऐन थंडीच्या तोंडावर, तेव्हा तुरुंग असलेल्या पोर्टचेस्टरला आणली गेली. उष्ण प्रदेशातले ते लोक गारठ्याने आजारी पडले. आधीपासून असलेल्या युरोपीय कैद्यांनी त्यांचे कपडेही लुबाडले, म्हणून अनेकांना बंदरातल्या तुरुंग-जहाजांवर हलवावे लागले. तरीही कागदोपत्री ते सैनिकच राहिले. ज्या साम्राज्याची जहाजे तेव्हा माणसांचा व्यापार करीत होती, त्याच्याच तुरुंगात त्यांचा स्वतंत्र माणूस म्हणून दर्जा टिकला.

सतराशे वर्षे हा तट टिकला तो आदरामुळे नव्हे, उपयोगामुळे. प्रत्येक काळाला त्याची काही ना काही गरज पडली: छावणी, वस्ती, मठ, राजवाडा, तुरुंग. जतन करणाऱ्यांची जबाबदारी इथेच वाढते. दगड सांभाळायचे आणि आतली माणसे विसरायची, हे अर्धे जतन झाले. या कैद्यांची हकीकत आता किल्ल्यातच सांगितली जाते, हे योग्यच झाले. ज्यांनी हा तट बांधला त्यांच्याइतकाच तो तिथे कोंडल्या गेलेल्यांचाही आहे. कधी पोर्टचेस्टरला गेलात, तर बालेकिल्ल्यातली त्यांची हकीकत वाचल्याशिवाय परतू नका.